बाणांना आकडे द्या : नववीच्या विज्ञानाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
नववी-दहावीच्या विज्ञानाचा नवा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि त्यासोबतचे डिजिटल साहित्य ठरवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य

आदरणीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

मी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गेली एकोणीस वर्षे विज्ञान शिकवतो. पहिलीच्या वर्गापासून, म्हणजे २०२५-२६ पासून, नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येऊ लागला आहे आणि पुढेमागे नववीचीही पाळी येईल. ते पुस्तक छापखान्यात जाण्याआधी कार्बनचक्र या एका छोट्या घटकाविषयी आणि तो शिकवताना वर्गात कोणते तंत्रज्ञान कशासाठी असावे याविषयी माझे म्हणणे आपल्यापुढे मांडावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

सध्याच्या नववीच्या पुस्तकात कार्बनचक्र 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' या प्रकरणात ऑक्सिजन आणि नायट्रोजन चक्रांच्या सोबतीने येते. कार्बन या मूलद्रव्याचे स्वतंत्र प्रकरण त्याच पुस्तकात बऱ्याच पानांनंतर आहे. शाळेच्या वेळापत्रकात या दोहोंमध्ये काही महिन्यांचे अंतर पडते, मध्ये दिवाळीची सुट्टी येते, आणि परीक्षानळीतला कार्बन वेगळा व चक्रातला कार्बन वेगळा अशी मुलांची समजूत पक्की होऊन बसते. चक्राची आकृती मात्र सगळ्यांना पाठ असते. एक झाड, एक जनावर, एक धुराडे आणि त्यांना जोडणारे बाण ही आकृती फळ्यावर काढून माझ्या दोन पिढ्यांच्या खडूंचा चुरा झाला आहे. 'आकृती काढून नावे द्या' असा प्रश्न आला की वर्गातला सामान्य मुलगाही पैकीच्या पैकी गुण घेऊन जातो. त्याच मुलांना मी दुसऱ्या दिवशी विचारतो की उसाच्या कांडीत जी साखर असते ती कशापासून बनली. उत्तरे ठरलेली आहेत : मातीतून, पाण्यातून, युरियातून. हवेचे नाव सहसा कोणी घेत नाही. आदल्या दिवशी प्रकाशसंश्लेषणाचा बाण हवेकडून झाडाकडे अचूक काढणारी मुलगीसुद्धा घेत नाही. बाण पाठ झालेला असतो, त्यातून काय वाहते आणि किती वाहते, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

चार वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आमच्या शाळेत भिंतीएवढे इंटरॅक्टिव्ह पॅनेल आले. त्याचा मला आनंदच झाला होता, आजही आहे. त्यावरच्या चित्रफितीत तीच आकृती रंगीत झाली, बाण हलू लागले, काळ्या ठिपक्याच्या रूपातला कार्बनचा अणू हसत-खेळत पानात शिरू लागला. मुले डोळे विस्फारून बघत बसली. पंधरा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत साखरेच्या प्रश्नाला पुन्हा तेच उत्तर आले. यात चित्रफीत करणाऱ्यांचा दोष मी मानत नाही, कारण जे फळ्यावर नव्हते ते पडद्यावरही नव्हते. आकृती स्थिर होती ती फिरू लागली, एवढाच काय तो फरक. पॅनेलच्या प्रशिक्षणातही आम्हाला ते चालू कसे करावे, पेनाचा रंग कसा बदलावा आणि पडद्याचे छायाचित्र कसे साठवावे, इतकेच शिकवले गेले.

त्यानंतर मी जे करून पाहिले ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे.

प्रथम मी दीडशे रुपयांचा एक वायुसंवेदक मागवला आणि तोंडघशी पडलो. वर्गात कोणी सॅनिटायझर हाताला चोळले तरी त्याचा आकडा उसळी घेई, प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली उघडली तरी घेई. कार्बन डायऑक्साइड सोडून सगळ्या जगाची त्याला दखल. मग थोडी चौकशी करून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या, किरणांवर चालणारा संवेदक घेतला. आर्डुइनो बोर्ड (संवेदकाचे आकडे वाचणारी, प्रोग्राम करता येणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी), छोटा पडदा आणि तारा धरून सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत आला. या संवेदकाच्या आत एका टोकाला बारीक दिवा असतो आणि दुसऱ्या टोकाला शोधक. कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून घेतात, त्यामुळे नळीत हा वायू जितका जास्त तितके कमी किरण पलीकडे पोहोचतात. अवरक्त किरण शोषण्याच्या ज्या गुणामुळे हा वायू पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो, त्याच गुणाने तो या डबीत पकडला जातो. हरितगृह परिणाम शिकवायला याहून चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही.

जुलैतल्या एका पावसाळी दिवशी वाऱ्याची झड आत येत होती म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि वर्गात बासष्ट मुले होती. टेबलावर संवेदक ठेवला तेव्हा आकडा दशलक्षात ४८० भागांचा होता. मी धडा शिकवत राहिलो आणि एका मुलाला दर दोन मिनिटांनी फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायला सांगितले. वीस मिनिटांत तो १,७०० च्या पुढे गेला. मागच्या बाकावरच्या मुलांची जांभई हा एरवी माझ्या शिकवण्यावरचा शेरा असतो, त्या दिवशी त्यांना हवेचे निमित्त सापडले. खिडक्या उघडल्यावर आकडा झपाट्याने खाली आला. श्वसनाचा बाण, जो आकृतीत गायीच्या तोंडातून निघतो, तो आपल्याही नाकातून निघतो आणि मोजता येतो, हे त्या तासाला पहिल्यांदा कळले. ते कळल्याचे मला मुलांच्या प्रश्नांवरून समजले, कारण प्रश्न सुरू झाले : रात्री बंद खोलीत किती होत असेल, गोठ्यात किती असेल, देवघरात समई लावली तर किती वाढेल.

पुढचा प्रयोग बरणीचा. काचेच्या मोठ्या बरणीत ओल्या कापसावर मेथीची जुडी, सोबत संवेदक, झाकणाला मेणाचा लेप. उन्हात ठेवल्यावर आकडा हळूहळू उतरू लागला आणि बरणीवर काळे कापड टाकल्यावर चढू लागला. हे अपेक्षित होते. अपेक्षेबाहेरचे घडले ते दुसऱ्या बरणीत. एका मुलीने घरून मूठभर कुजलेले, ओलसर शेणखत आणले होते आणि दुसऱ्याने रस्त्याकडेची कोरडी माती. कोरड्या मातीच्या बरणीत आकडा जवळपास जागचा हलला नाही. शेणखताच्या बरणीत तो तासाभरात ५,००० वर पोहोचला आणि तिथेच थांबला, कारण आमच्या संवेदकाची धाव तेवढीच आहे. पुस्तकातल्या आकृतीत विघटनाचा बाण सगळ्यांत बारीक आणि तळाशी असतो. हवेत कार्बन परत करणाऱ्यांमध्ये मातीतले सूक्ष्मजीव किती मोठे आहेत, याची त्या बाणावरून कल्पनाच येत नाही.

तिथेच वर्गात एक शब्द आला. शेणखत आणणारी मुलगी म्हणाली, "सर, आमच्या मातीच्या तपासणीच्या कागदावर कर्ब लिहिलेला असतो, तो हाच का?" जमीन आरोग्य पत्रिका २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळू लागली आणि तिच्यावर सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. बांधावर, कृषी सहायकाच्या तोंडी, खताच्या दुकानात हा कर्ब रोज ऐकू येतो. शाळेत त्याच पदार्थाला आम्ही कार्बन म्हणतो आणि दोन्ही एकच आहेत हे सांगायचे राहून जाते. नव्या पुस्तकात निदान एकदा, ठळक अक्षरांत, कार्बन म्हणजेच कर्ब असे छापावे ही माझी पहिली आणि अगदी बिनखर्चाची विनंती आहे.

त्या मुलीच्या शेताच्या पत्रिकेत कर्ब ०.४२ टक्के होता. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. एक एकर जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर साधारण ८०० टन भरतो, म्हणजे त्यात कर्ब सव्वातीन-साडेतीन टन. आता तोडणीनंतर एकरी जे तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, शेतात राहते त्याच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक कार्बन असतो, म्हणजे दीड टनाच्या आसपास. काडी लावली की तो एका दुपारी हवेत जातो. वर्ग गप्प झाला, कारण बहुतेकांच्या घरी पाचट पेटवतात. मी उपदेश करण्याचे टाळले आणि एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट केली : पाचट न जाळता कुजवले तरी त्यातला बराचसा कार्बन सूक्ष्मजीवांमार्फत हवेतच जातो, फक्त सावकाश, आणि थोडा भाग मातीत टिकतो. शिवाय पाचटातला कार्बन गेल्या वर्षभरातच हवेतून आलेला असतो. उसाची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलमधला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. धूर दोन्हींतून निघतो, पण हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी वेगवेगळ्या पानांवर पडतात.

जलद चक्र आणि संथ चक्र यांतला हा भेद आकृतीत कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते कार्बनचक्राचा गाभा तोच आहे. त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रापाशी शिकणाऱ्या मुलाच्या गावाखालचा कोळसा डायनासोरांच्याही आधीच्या अरण्यांचा आहे. आपल्या काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे आणि घरोघरची शहाबादी फरशी हाही दगडात अडकलेला कार्बनच आहे. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले की फेस येतो, आणि बरणीतल्या संवेदकावर तो आकड्यात दिसतो. कोकणातल्या शाळेने शिंपले घ्यावेत. ज्या बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर, निम्म्याहून अधिक महाराष्ट्र उभा आहे, तो पावसाच्या पाण्यात झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधून घेतो. मात्र ते काम इतके संथ आहे की कोणताही संवेदक ते आमच्या तासाला दाखवू शकणार नाही. अशा ठिकाणी पडदा हवा. लाखो वर्षे एका मिनिटात दाबून दाखवणे हे चित्रफितीचे खरे काम आहे आणि तिथे तिला पर्याय नाही.

साखरेचा प्रश्न शेवटी असा सुटला. साखरेच्या रेणूत वजनाने ४२ टक्के कार्बन असतो, हे मुले अणुवस्तुमानांवरून स्वतः काढतात. म्हणजे एक किलो साखरेत ४२० ग्रॅम कार्बन, आणि तो सगळा हवेतून आलेला. हवेत दर दशलक्ष भागांमागे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड धरला, तर एवढा कार्बन मिळवण्यासाठी साधारण २,००० घनमीटर हवेतला सगळाच्या सगळा कार्बन डायऑक्साइड काढून घ्यावा लागेल. आमचा वर्ग चोवीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि अकरा फूट उंच आहे. असे तेरा-चौदा वर्ग भरतील एवढी ती हवा. हे गणित स्वतः केलेल्या मुलाने पुन्हा कधी 'मातीतून' असे उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. एक लिटर डिझेलचे वजन साडेआठशे ग्रॅमही नसते आणि ते जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, या विधानावर मात्र दरवर्षी भांडण होते. १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४४ ग्रॅम होतो, हे लिहून दाखवल्यावरही दोघे-तिघे साशंकच असतात. त्यांना मी साशंक राहू देतो.

आता जगाच्या आकड्यांकडे येतो. हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी चालू आहे. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने ती सुरू केली तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता, आणि २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. हे महिनावार तक्ते कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. संगणकाच्या तासाला आम्ही ते स्प्रेडशीटमध्ये घेऊन आलेख काढला. रेषा चढते हे सगळ्यांना ठाऊक होते, ती करवतीसारखी दातेरी आहे हे कोणालाच नव्हते. दरवर्षी मेमध्ये शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ. एका मुलाने लगेच सांगितले, "सर, जूनमध्ये पाऊस सुरू होतो, शेते हिरवी होतात, म्हणून उतरतो." उत्तर चुकीचे होते आणि तरीही मी त्याला फळ्यापाशी बोलावून शाबासकी दिली, कारण त्याने बाणाला ऋतू जोडला होता. खरे कारण उत्तर गोलार्धातल्या विशाल अरण्यांना उन्हाळ्यात फुटणारी पालवी हे आहे, आपला मोसमी पाऊस त्या मानाने लहान भिडू. पण ही चूक आकृती पाठ करून करता येत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर त्या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन रस्ता आणि वीज तुटली, तेव्हा मोजणी काही काळ शेजारच्या मौना केआ पर्वतावरून करावी लागली, हे ऐकल्यावर आमच्याकडच्या लोडशेडिंगबद्दलची मुलांची तक्रार जरा मवाळ झाली.

याच संदर्भात एक अडचण सांगतो, जी चांगल्या चांगल्या मुलांना छळते. जमिनीवरच्या वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि श्वसन व विघटन मिळून जवळपास तेवढाच परत करतात. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस हवेत टाकतो तो साधारण १० अब्ज टन. हुशार मुलगा विचारतो की १२० पुढे १० म्हणजे किस झाड की पत्ती, एवढा गाजावाजा कशाला? ऊसपट्ट्यात याचे उत्तर सोपे आहे. सोसायटीच्या पासबुकात दरवर्षी एक लाख वीस हजार जमा आणि तेवढेच नावे पडत असतील तर शिल्लक जागेवर राहते. त्यात दरवर्षी वरून दहा हजार पडू लागले आणि त्यातले निम्मे झाडे आणि समुद्र यांनी उचलून नेले, तरी उरलेले निम्मे शिलकेत साठतच जातात. हेच पासबुक स्प्रेडशीटवर मांडून मुलांना आकडे बदलू दिले की पन्नास वर्षांनंतरची शिल्लक त्यांना स्वतः पाहता येते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशन्सही अशीच हाताळता येतात, इंटरनेटशिवाय चालतात आणि काही मराठीतही आहेत. नुसते बघायला लावणारे आणि काही करायला लावणारे असे डिजिटल साहित्याचे दोन वर्ग आपण निवड करताना वेगळे ठेवावेत, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे आजवर मला मुख्यतः पहिल्या वर्गातलेच साहित्य मिळाले.

खरेदीविषयी माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक माध्यमिक शाळेला अवरक्त पद्धतीचे निदान चार संवेदक द्यावेत. चारांची किंमत एका मोठ्या पॅनेलच्या किमतीचा लहानसा हिस्सा भरेल. ज्या शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आहेत तिथे आर्डुइनो बोर्ड आधीच आहेत. ते बहुतेक वेळा काळ्या रेषेवरून धावणारी गाडी करण्यात गुंतलेले दिसतात, त्यांना हेही काम द्यावे. संवेदकांबरोबर मराठीत दोन पानी माहितीपत्रक असावे आणि त्यात अंशांकनाचा, म्हणजे संवेदकाचा आकडा ठाऊक असलेल्या हवेशी जुळवून घेण्याचा, उल्लेख विसरू नये. आमचा संवेदक दोन आठवडे बंद कपाटात चालू राहिला आणि आकडे भलतेच कमी दाखवू लागला. अनेक दिवसांत दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, असे तो स्वतःहून गृहीत धरतो, हे मला नंतर कळले. आता त्याला रोज रात्री खिडकीत ठेवतो.

गुणांविषयीही सांगितले पाहिजे, कारण ज्याला गुण नाहीत ते शाळेत टिकत नाही. प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांत कार्बनचक्राची एक मोजणी अनिवार्य करावी आणि तिच्यात अपेक्षित उत्तर छापू नये. खताच्या बरणीत आकडा किती आला यापेक्षा मुलाने किती वेळा मोजले, बरणीची गळती कशी तपासली आणि आकडा विचित्र आला तेव्हा काय केले, याला गुण असावेत. आज प्रयोगवहीत निरीक्षण आधी लिहिले जाते आणि प्रयोग नंतर होतो किंवा होतच नाही, हे आपणही जाणता. कार्बनचक्राचे आणि कार्बन मूलद्रव्याचे अशी दोन्ही प्रकरणे एकमेकांना लागून यावीत आणि या घटकाला दोनऐवजी पाच तास मिळावेत. ते कुठून काढायचे हा प्रश्न रास्त आहे. व्याख्या आणि 'फरक स्पष्ट करा' यांवर खर्च होणाऱ्या तासांकडे पाहिले तर ते सापडतील.

साठ मुले आणि एक बरणी हे कसे जमणार, असे आपण विचाराल. पूर्णपणे जमत नाही. मी सहा-सहाचे गट करतो, एक गट मोजतो, बाकीचे त्याच आकड्यांचा आलेख वहीत काढतात, आणि पाळी येईपर्यंत दोन आठवडे जातात. वीज जाते तेव्हा मोबाइल चार्ज करण्याच्या पॉवर बँकेवर काम भागते.

सध्या आमचा संवेदक प्रयोगशाळेच्या खिडकीत आहे. गळीत हंगाम सुरू झाला की शाळेमागच्या फडात पाचट पेटते. त्या संध्याकाळी दर पाच मिनिटांनी नोंद घेण्याचा मुलांचा बेत ठरला आहे. धूर खिडकीपर्यंत आला तरी मोकळ्या हवेतला आकडा हलेल की नाही, यावर नववी 'ब'मध्ये दोन तट पडले आहेत आणि मला स्वतःला खात्री नाही. नोंदी झाल्या की भरलेला तक्ता आपल्याकडे पाठवीन.

आपला नम्र,
नववी 'ब'चा वर्गशिक्षक